साताऱ्यात राहून रविवारी कुठं जायचं? घरापासून ५० किलोमीटरच्या आतली भटकंती, अगदी पहिल्यापासून

लग्न होऊन साताऱ्यात आले त्याला आता १४ वर्षं झाली आणि पहिली तीन-चार वर्षं आम्ही काय करायचो तर सुट्टी आली की लांब पळायचो, कोकण नाहीतर गोवा, दोन दिवसातला दीड दिवस गाडीत आणि सोमवारी अंग दुखतंय म्हणून ऑफिसात डुलक्या. मग मुलगी लहान असताना लांबचं सगळं बंद झालं आणि नाइलाजानं जवळपास फिरायला लागलो तेव्हा कळलं की आपण राहतोय ते गावच अशा जागी आहे की पुण्या-मुंबईची माणसं तीन-चार तास गाडी चालवून इथं येतात. तेव्हापासून ठरवलं, महिन्यातून दोन रविवार घराजवळ. ओळखीतले लोक सारखं विचारतात की कुठून सुरुवात करू, आईवडिलांना नेऊ का, पावसात जाऊ का, म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून काढतेय.

सुरुवातीलाच माझा एक नियम सांगते कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे. एका दिवशी एकच दिशा. कास बघून येताना सज्जनगड आणि जमलं तर ठोसेघर असा प्लॅन लोक करतात, नकाशावर जवळजवळ दिसतं म्हणून, पण मधे घाट आहेत, खाली गावात उतरून परत चढायचं असतं आणि शेवटी कुठंच धड बसणं होत नाही. एक दिशा धरा, तिथं पोटभर थांबा आणि दिवेलागणीला घरी या.

आधी अजिंक्यताऱ्यावर चढा

हो, तोच, जो रोज खिडकीतून दिसतो. साताऱ्यातली कितीतरी माणसं वर्षानुवर्षं वर गेलेली नसतात आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. सकाळी सहाला निघा, थर्मासमधे चहा घ्या. वर दरवाजापर्यंत डांबरी रस्ता आहे त्यामुळं गाडीनंही जाता येतं, पण तुम्ही चालत जा. रमतगमत तासभर लागतो, रोज चालणाऱ्यांना त्याहून कमी, आणि वाटेत सकाळी इतकी माणसं भेटतात की एकटी बाई असेल तरी भीती वाटत नाही.

हा किल्ला शिलाहार भोज राजाच्या काळातला, म्हणजे १२व्या शतकाच्या शेवटचा. शिवाजी महाराजांनी १६७३ साली घेतला. पुढं डिसेंबर १६९९ मधे औरंगजेब स्वतः खाली छावणी टाकून बसला आणि प्रयागजी प्रभू किल्लेदारानं साडेचार महिने किल्ला लढवला. एप्रिल १७०० मधे मुघलांनी मंगळाईच्या बुरुजाखाली सुरुंग लावले आणि त्यातला एक असा फुटला की तटाचे दगड त्यांच्याच सैन्यावर कोसळले. मुलांना ही गोष्ट त्या बुरुजाजवळ उभं राहून सांगा, घरी पुस्तकातनं सांगण्यापेक्षा दहापट लक्षात राहते, माझ्या मुलीनं तर दुसऱ्या दिवशी शाळेत सगळ्या वर्गाला सांगितली. किल्ला पडल्यावर औरंगजेबानं नाव ठेवलं आझमतारा, नंतर ताराराणींनी परत जिंकून घेतला आणि तो झाला अजिंक्यतारा.

पण आधी इथंच का जायचं तर वरून सगळ्या दिशा दिसतात. पश्चिमेला यवतेश्वरचा डोंगर आणि त्याला लागून पेढ्याचा भैरोबा, तिकडं कासचा रस्ता. नैऋत्येला सज्जनगड, माथा सपाट त्यामुळं लगेच ओळखू येतो. पूर्वेला जरंडेश्वर, ईशान्येला नांदगिरी म्हणजे कल्याणगड आणि चंदन-वंदनची जोडी. तटावर बसून चहा पिता पिता घरच्यांना विचारायचं, पुढच्या रविवारी कुठल्या बाजूला? आमच्याकडं प्लॅनिंग असंच होतं. फोनवर रील बघून ठरवलेल्या जागेपेक्षा डोळ्यांनी बघून ठरवलेल्या जागेला घरातली माणसं जास्त आनंदानं येतात हा माझा अनुभव आहे.

तयारी, एकदाच करून ठेवायची

आमच्या दाराशी एक कापडी पिशवी कायम भरलेली असते. तिच्यात काय काय तर टॉवेल, प्रत्येकाचा एक कोरडा टीशर्ट आणि जादा मोजे, टॉर्च, मीठाची पुडी (जळवांसाठी, पावसात कासच्या पुढं लागते), बँडेज आणि जखमेचं मलम, कचऱ्यासाठी दोन रिकाम्या पिशव्या, थोडे सुट्टे पैसे कारण घाटापलीकडं रेंज जाते आणि मग मोबाईलनं पैसे देता येत नाहीत. रविवारी सकाळी फक्त पाणी आणि डबा भरायचा. माणशी एक लिटर पाणी साध्या फिरण्याला, चढ असेल तर दोन. हे ऐकायला जास्त वाटतं पण ऑक्टोबरच्या उन्हात जरंडेश्वर चढून बघा म्हणजे कळेल.

डबा साधा. मी दशम्या, शेंगदाण्याची चटणी, उकडलेली अंडी आणि काकडी नेते. रस्सा असलेलं काहीही नेऊ नका, घाटात सांडतं. पेट्रोल गावातच भरा. स्कूटरवर ५० किलोमीटर जाऊन-येऊन होतात त्याला सव्वा लिटर पुरतं, म्हणजे बाहेर हॉटेलात जेवायला जातो त्याच्या पाव खर्चात दिवस होतो.

बायकांसाठी खास सांगते कारण याबद्दल कोणी लिहीत नाही. सज्जनगडावर आणि सीझनमधे कासच्या प्रवेशाजवळ स्वच्छतागृहाची सोय असते, बाकी बऱ्याच ठिकाणी नसते किंवा असून बंद असते, त्यामुळं वाटेत चहाला थांबाल तिथंच विचारून घ्या आणि यासाठी पाणी कमी पिऊ नका, डोकं दुखायला लागतं मग सगळाच दिवस वाया.

गाडीबद्दल. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हे आता कोणी पाळत नाही पण तुम्ही पाळा. उतरताना गाडी खालच्या गिअरमधे ठेवा, सारखा ब्रेक दाबून उतरलात तर ब्रेक तापतात आणि ऐनवेळी धरत नाहीत. धुक्यात लाइट खाली मारलेला हवा, वर मारला तर समोर नुसती पांढरी भिंत दिसते. आणि वळणावर फोटोला थांबायचं नाही म्हणजे नाही.

दक्षिणेची दिशा: सज्जनगड, ठोसेघर, चाळकेवाडी

नवीन माणसानं सुरुवात इथून करावी, आईवडील बरोबर असतील तर नक्कीच. समर्थ मंदिराकडून बोगदा पार केला की गाव संपतं आणि शेतं सुरू होतात, मला तो बोगदा फार आवडतो, या बाजूला रिक्षांचे हॉर्न आणि त्या बाजूला एकदम भाताचा वास.

घरातून साडेसातला निघा. सज्जनगड साधारण १५ किलोमीटर, आठ-सव्वाआठला वाहनतळावर पोचता. तिथून पायऱ्या आहेत. माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात तरी त्या दोन ठिकाणी बसत बसत चढतात, पहिल्या महाद्वाराच्या सावलीत पाच मिनिटं आणि दुसऱ्याला पाच मिनिटं. दुसऱ्या दरवाजाजवळ फारसी शिलालेख आहे, तो बघायला म्हणून थांबायचं म्हणजे वयस्कर माणसाला आपल्यासाठी थांबलेत असं वाटत नाही. गडाचं जुनं नाव परळी. समर्थ रामदास १६७६ पासून इथं राहिले आणि १६८२ मधे माघ वद्य नवमीला त्यांनी देह ठेवला. दासनवमीला प्रचंड गर्दी असते, तेव्हा फिरायला म्हणून जाऊ नका, दर्शनाला म्हणून जात असाल तर गोष्ट वेगळी.

समाधीचं दर्शन झालं की लगेच परत फिरू नका, बहुतेक जण हीच चूक करतात. गडाच्या पश्चिम टोकाला धाब्याचा मारुती आहे तिथपर्यंत चालत जा. वारा असा येतो की ओढणी सांभाळावी लागते आणि खाली उरमोडी धरणाचं पाणी पसरलेलं दिसतं, पावसानंतर भरलेलं आणि मे महिन्यात आटत आटत कडेला मातीचे पट्टे दिसणारं. मी दर वर्षी दोन्ही वेळा जाते. दुपारी गडावर महाप्रसाद असतो, पंगतीत बसून जेवायचं, आपलं ताट-वाटी नीट आवरायची. जेवणाच्या वेळेपर्यंत थांबायचं का पुढं जायचं हे आधी ठरवा. आईवडील असतील तर थांबा आणि तिथूनच घरी या, तेवढा दिवस भरपूर होतो.

तरुण मंडळी असाल तर साडेदहाला खाली उतरून ठोसेघरला जा. साताऱ्यापासून साधारण २५ किलोमीटर, मधे बोरणे घाट. या घाटातले कठडे बसायला नाहीत, पावसात कडेची माती सुटलेली असते आणि खाली सरळ दरी आहे, गवतामुळं कडा कुठं संपते ते दिसत नाही. मी मुलीला गाडीतून उतरूच देत नाही तिथं. ठोसेघरला धबधबा समोरून बघायला गॅलरी बांधलेली आहे, तिथून सगळा दिसतो, खाली उतरायचा हट्ट करू नका. जुलै ते सप्टेंबर चांगला, पण भर जुलैत धुकं इतकं असतं की आवाज येतो आणि धबधबा दिसत नाही. अशावेळी वैतागून निघून जाऊ नका, दहा-पंधरा मिनिटं उभं राहा, धुकं हलतं आणि मधेच अख्खी पांढरी रेघ समोर उघडते, अर्ध्या मिनिटात परत बंद. त्या अर्ध्या मिनिटासाठी मी भिजत उभी राहिलेली आहे आणि परत राहीन.

तिथून वर चाळकेवाडीचं पठार, पवनचक्क्यांचं. रस्ता पठारावरून जातो, दोन्हीकडं पाती फिरतायत, ढग अंगावरून जातायत. मक्याचं भाजलेलं कणीस घ्या, गाडी बाजूला लावा, बस. पाटण तालुक्यातला सडावाघापूरचा उलटा धबधबाही अशाच पवनचक्क्यांच्या पठारावर आहे, पाणी कड्यावरून खाली पडता पडता वाऱ्यानं परत वर उडतं, पण तो याच दिवशी जोडू नका, त्याला वेगळा रविवार द्या.

पश्चिमेची दिशा: कास. इथं जरा जास्त वेळ घेते

कासबद्दल जितके गैरसमज आहेत तितके कुठल्याच जागेबद्दल नसतील. लोकांना वाटतं ट्यूलिपसारखी गालिचा टाकलेली फुलबाग आहे, मग येतात, बोटाच्या पेराएवढी फुलं बघतात आणि म्हणतात काहीच नाहीये. अहो, वाकून बघायला लागतं. या पठारावर काळ्या दगडावर जांभा आणि त्याच्यावर मातीचा अगदी पातळ थर, काही ठिकाणी बोटभरसुद्धा नाही, त्यात मोठं झाड धरत नाही, म्हणून इथं छोट्या छोट्या वनस्पतींचं राज्य आहे. पाऊस पडला की त्यांना दोन-तीन महिने मिळतात तेवढ्यात उगवायचं, फुलायचं, बी धरायचं. फुलझाडांच्याच ८५० च्या आसपास जाती इथं नोंदलेल्या आहेत. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या ज्या जागा जागतिक वारसा म्हणून घेतल्या त्यात कास आहे.

पायरी एक, तारीख. ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत बहर असतो, पण पाऊस पुढंमागं झाला की तोही हलतो. माझ्या मते सप्टेंबरचा मधला आठवडा चांगला. आणि एकदाच जाऊ नका! आपण साताऱ्यात राहतो याचा फायदा हाच की दर पंधरा दिवसांनी जाता येतं, आणि दर वेळी पठाराचा रंग वेगळा असतो. आधी चवर आणि पांढऱ्या गेंदांचे ठिपके, मग तेरड्याचा गुलाबी, मग सोनकीचा पिवळा.

पायरी दोन, बुकिंग. सीझनमधे रोजच्या माणसांची संख्या ठरवलेली असते आणि ऑनलाइन बुकिंग करून जावं लागतं, शुल्क आणि वेळेचे स्लॉट दर वर्षी बदलतात म्हणून निघायच्या आधी चालू वर्षाचं बघून घ्या. आम्ही एकदा स्थानिकच आहोत आपल्याला काय लागतंय असं म्हणून तसेच गेलो होतो रविवारी, दोन तास घाटात गाड्यांच्या रांगेत गेले आणि मुलगी रडायला लागली म्हणून न बघताच परत आलो. तेव्हापासून फक्त मंगळवार-बुधवार, अर्धी रजा टाकून. ही अर्धी रजा वर्षातली सगळ्यात चांगली वापरलेली रजा असते. व्यवस्था आसपासच्या गावातल्या लोकांची वन समिती बघते, मार्गदर्शकही तिथलेच मिळतात, पहिल्यांदा जाताय तर जरूर घ्या. त्यांच्याशिवाय तुम्ही ७० टक्के फुलांवरून नुसते चालत जाल.

पायरी तीन, वेळ. सकाळी सातला समर्थ मंदिरापासून निघा, बोगद्याच्या अलीकडून यवतेश्वरचा घाट लागतो. २५ किलोमीटर आहे पण पाऊण तास धरा. पोचल्यावर ऊन नसेल तर घाई करू नका, नाश्ता करा, ऊन पडलं की तेच पठार दुसरं दिसतं.

पायरी चार, बघायचं कसं. खाली बसा. आखलेल्या पायवाटेच्या बाहेर पाय टाकायचा नाही, एका फोटोसाठी आत गेलात तर जी रोपं चिरडतील त्यांचं त्या वर्षीचं बी गेलं. वाटेच्या कडेलाच सगळं असतं. ओलसर जागी जांभळी-निळी बारीक फुलं दिसतील, ती सीतेची आसवं, नाव इतकं हळवं आणि झाड मात्र कीटक खाणारं, मातीत पोषण नाही म्हणून पाण्यातले सूक्ष्म किडे पकडून जगतं. पिवळ्या फुलावर दोन लाल ठिपके असलेला कवला, त्याला सगळे मिकी माउस म्हणतात आणि मुलं तेच आधी शोधतात. आणि वायतुरा, पाण्याच्या डबक्यात उभा, त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे, हे मला कळलं तेव्हा इतका अभिमान वाटला की घरी येऊन सगळ्यांना सांगत सुटले. टोपली कारवी साधारण सात वर्षांनी फुलते, गोल टोपल्या उपड्या घातल्यासारखी तिची झुडपं इतर वर्षी नुसती हिरवी असतात, तीही बघा, वाट बघणारी.

चालायची तयारी असेल तर जुन्या राजमार्गानं कुमुदिनी तळ्यापर्यंत जा. पांढऱ्या नाजूक झालरीच्या फुलांनी तळं भरलेलं असतं. इकडं गर्दी एकदम कमी.

येताना कास तलावाजवळ थांबा. आपल्या नळाला येणाऱ्या पाण्यात या तलावाचं पाणी आहे, त्यामुळं तिथं साबण लावून गाड्या धुणाऱ्यांना मी सरळ जाऊन सांगते. आवडत नाही लोकांना, पण सांगते. तिथंच घरगुती झुणका-भाकरी मिळते, नाचणीची मागा, बरोबर खर्डा आणि ताक.

सीझन संपल्यावर कास बंद असं समजू नका. जानेवारीत भल्या पहाटे यवतेश्वरचा घाट चढून जा, पठार सगळं सोनेरी वाळलेलं, गवतावर दव आणि दरीत ढग खाली बसलेले, रस्त्यावर चिटपाखरू नाही.

वासोटा, पण आधी पायाला सवय लावा

कासच्या पुढं बामणोली, शिवसागर जलाशयाच्या काठावर. कोयना धरणाचं हे पाणी. इथून बोटीनं पलीकडं जाऊन वासोट्याला चढायचं, आणि साताऱ्याच्या परिसरातला हा माझ्या मते सगळ्यात सुंदर एका दिवसाचा ट्रेक आहे. कोयना अभयारण्य, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग, त्यामुळं नियम कडक आहेत आणि असायलाच हवेत. पावसाळ्यात बंद असतो, साधारण दिवाळीच्या आसपास सुरू झाला की जायचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगला.

साताऱ्यातून साडेपाचला निघायचं म्हणजे निघायचंच. आम्ही पहिल्या वेळी दहाला बामणोलीत पोचलो आणि उशीर झाला म्हणून वरची परवानगी मिळाली नाही, चूक आमचीच होती. कारण हिशोब असा आहे, बोटीला जायला दीड तास, चढायला दोन ते अडीच तास, वर तास-दीड तास, उतरायला दीड-दोन, परत बोट दीड तास, आणि अंधाराच्या आत सगळ्यांना जंगलाबाहेर पडावं लागतं. आधार कार्ड बरोबर ठेवा, वनखात्याची परवानगी काढायची, बोट ठरवायची. बोटीचे पैसे अख्ख्या बोटीचे असतात, त्यामुळं आठ-दहा जण जमवून गेलात तर परवडतं. पलीकडं मेट इंदवलीला वनखात्याची चौकी आहे, तिथं सॅक बघतात आणि प्लास्टिक मोजतात, तेवढं परत आणायचं. मुक्कामाला परवानगी नाही. खायला वर काही मिळत नाही, डबा घरून.

ओढ्याजवळ मारुती-गणपतीच्या मूर्ती आहेत, तिथून खरा चढ. दाट झाडी, दुपारीसुद्धा अंधारल्यासारखं, पाला इतका की पावलांचा आवाज येतो. बोलू नका फार. गवे, अस्वलं आहेत या रानात, दिसतीलच असं नाही पण आपण त्यांच्या घरात आहोत हे लक्षात ठेवून चाला. शेवटी झाडी संपते, कारवीतून वाट वर निघते आणि बिनछपराच्या मारुतीपाशी पोचता. मग बाबुकडा. हा कडा असा आतल्या बाजूला वळलेला आहे की पहिल्यांदा बघताना पायातलं बळ जातं. कडेपासून चार हात मागं बसा आणि डबा उघडा.

चढायचं जमेल का याची परीक्षा आधी घ्या. अजिंक्यतारा न थांबता दोनदा चढता आला, आणि जरंडेश्वर एकदा, तर वासोटा जमतो. आमच्या शेजारच्या काकांनी वयाच्या ६२व्या वर्षी असाच सराव करून केला.

पूर्वेची दिशा, जिथं कोणी जात नाही

जरंडेश्वर म्हणजे वर मारुती, श्रावणातल्या शनिवारी माणसं रांगेनं चढत असतात. सव्वा तासाचा चढ, सावली कमी, म्हणून सकाळी लवकर. द्रोणागिरी नेताना पडलेला तुकडा म्हणजे हा डोंगर अशी इथली गोष्ट.

पण मला सांगायचंय ते पाटेश्वरबद्दल. देगावच्या बाजूला, साताऱ्यापासून १४-१५ किलोमीटर. अर्ध्या दिवसाचं काम. वाहन लावून झाडीतनं पायऱ्या-पायवाटेनं अर्धा तास चालायचं, चढ सोपा, सहा वर्षांचं पोर आरामात येतं. वर कमळांचं तळं, जुनं देऊळ आणि शिवलिंगं, किती म्हणाल? मोजता येत नाहीत. मोठी, चिमुकली, एकाच दगडात ओळीनं कोरलेली, एका मोठ्या लिंगावर शेकडो बारीक. गुहेसारख्या लेण्यात टॉर्च लागतो, म्हणून पिशवीत टॉर्च. अग्नीवृषाची मूर्ती शोधा, माणूस आणि बैल एकत्र असलेली, अशी दुसरीकडं मी पाहिलेली नाही. मी पाच-सहा वेळा गेले आणि दर वेळी आधी न दिसलेलं काहीतरी सापडलं. दुपारी तिथं फक्त पक्षी आणि पाण्याचा आवाज असतो.

येताना संगम माहुलीला थांबा, कृष्णा आणि वेण्णेचा संगम. रामशास्त्री प्रभुण्यांचं हे गाव. घाटावर छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे, त्यानं महाराजांना वाघापासून वाचवलं असं सांगतात. माझ्या मुलीला अख्ख्या साताऱ्यात ही जागा सगळ्यात प्रिय आहे, ती दर वेळी तिथं एक फूल ठेवते.

फक्त दोन तास असतील तर

उत्तरेला लिंब, हायवेनं १५-१६ किलोमीटर. बारा मोटेची विहीर. १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसल्यांनी बांधून घेतली, ११० फूट खोल, वरून बघाल तर शिवलिंगाचा आकार, एकावेळी बारा मोटा चालायच्या आणि आसपासच्या आमराईला पाणी जायचं. पायऱ्या उतरून आत गेलात की विहिरीच्या आतच महाल आहे! एप्रिलच्या दुपारी बाहेर ४० डिग्री असताना आत थंडगार. वाचताना पोहोऱ्याची साधी विहीर वाटेल, पण आत उभं राहिल्यावर माणूस गप्प होतो. तिथून जवळच कृष्णेच्या पात्रातलं कोटेश्वराचं देऊळ, संध्याकाळी पाण्यात पाय सोडून बसायचं, पाऊस जोरात असेल तर मात्र नदीपासून लांब.

आणि तेवढाही वेळ नसेल, ऑफिस सुटल्यावर तासच हातात असेल, तर चार भिंतीवर जा. अजिंक्यताऱ्याच्या उतारावर आहे, गाव सगळं पायाशी, दिवे एक एक करून लागताना दिसतात. मग उतरून राजवाड्यावर, चौपाटीवर पोरांना भेळ, आणि घरी जाताना पाव किलो कंदी पेढे. पेढे ताजे असताना खा, फ्रिजमधे ठेवले की त्यांचा खरपूस वास जातो.

घरी आल्यावर

बूट लगेच काढून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, सकाळपर्यंत कोरडे होतात. जळू लागली असेल तर खाजवू नका, हळद लावा. पिशवीतले ओले कपडे काढून कोरडे परत भरून टाका, त्याच रात्री, नाहीतर पुढच्या रविवारी तेच शोधण्यात अर्धा तास जातो.

आणि एक वही करा. आमच्या वहीत तारीख, कुठं गेलो, किती वाजता पोचलो, हवा कशी होती, काय फुललं होतं एवढंच असतं, कधी मुलीनं काढलेलं चित्र. पाच वर्षांची नोंद झाली की कुणाला विचारावंच लागत नाही, सोनकी कधी येणार, ठोसेघरला पाणी कधीपर्यंत टिकतं, कमळं कधी असतात, सगळं आपल्याच अक्षरात. मागच्या पानावर सासूबाईंनी लिहिलंय, धाब्याच्या मारुतीपर्यंत चालत गेले, कुठं बसले नाही.